भिंत कुर्तुब्याची, माती तोंग्वांची

अमेरिकेतले लॉस एंजेलिस शहर आपल्याकडे ओळखले जाते ते हॉलिवूडमुळे. त्या शहराच्या पूर्वेला सुमारे पंधरा किलोमीटरवर सान गाब्रिएल नावाचे गाव आहे. तेथे अठराव्या शतकात स्थापन झालेल्या स्पॅनिश मिशनचे दगड-विटांचे चर्च आजही उभे आहे. कॅलिफोर्नियात स्पेनच्या फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १७६९ ते १८२३ या काळात अशी एकवीस मिशने स्थापन केली. सान गाब्रिएल हे त्यांतले चौथे. इतर मिशनांपेक्षा हे चर्च वेगळे दिसते. त्याला किल्ल्याचा भास आहे. लांबच लांब जाड भिंत, तिला टेकू देणारे उंच चौकोनी आधारस्तंभ, त्यांच्या माथ्यावर निमुळत्या टोप्या आणि मधल्या जागेत उभट, अरुंद खिडक्या. वास्तुकलेचे अभ्यासक या बांधणीचे मूळ थेट स्पेनमधल्या कुर्तुब्यात शोधतात. हे चर्च ज्यांच्या देखरेखीखाली बांधले गेले ते पाद्री अंतोनियो क्रुसादो कुर्तुबा प्रांतातले होते. कुर्तुब्याच्या जामा मशिदीची बाहेरची भिंत त्यांच्या डोळ्यांसमोर असावी, असे मानले जाते.

ती मशीद म्हणजे ७८५ साली बांधायला घेतलेली, १२३६ साली शहर ख्रिस्ती सत्तेकडे गेल्यावर कॅथेड्रल झालेली आणि १९३३ च्या भेटीनंतर इक्बालांनी जिच्यावर आपली प्रसिद्ध कविता लिहिली ती. अंदलुसच्या कारागिरीची एक आठवण पाद्र्यांच्या गाठोड्यातून पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली, हे वाचून आपल्याला हुरूप येणे स्वाभाविक आहे. पण अशा अभिमानात एक धोका असतो. भिंत कोणत्या शैलीची, एवढेच आपण विचारतो. ती कोणाच्या हातांनी उभी राहिली, त्या हातांना ती उभारायची होती का आणि ते हात पुढे कोठे गेले, हे विचारायचे राहून जाते. सान गाब्रिएलचा इतिहास या प्रश्नांच्या बाजूने वाचला, तर चित्र पार बदलते.

ग्रानादाचा धडा

या मिशनांची कल्पना कॅलिफोर्नियात जन्मलेली नव्हती. स्पेनच्या राजसत्तेला परक्या धर्माच्या, परक्या भाषेच्या प्रजेवर राज्य करण्याचा अनुभव आधी घरातच मिळाला होता. १४९२ साली ग्रानादाचे राज्य संपले, तेव्हा झालेल्या तहात मुसलमानांना धर्म, मशिदी आणि काझी राखण्याची हमी दिली होती. सात-आठ वर्षांतच ती हवेत विरली. १४९९ पासून फ्रान्सिस्कन पंथातूनच वर आलेले आर्चबिशप सिस्नेरोस यांनी ग्रानादात सामूहिक बाप्तिस्मे सुरू केले आणि अरबी ग्रंथांची होळी केली. १५०२ साली कास्तीयच्या मुसलमानांपुढे धर्मांतर किंवा देशत्याग असे दोनच पर्याय ठेवले गेले. १५६७ च्या फर्मानाने बाप्तिस्मा झालेल्यांची अरबी भाषा, पोशाख, हमाम आणि पारंपरिक नाचगाणी यांवरही बंदी आली. पुढच्याच वर्षी आल्पुहारासच्या डोंगरांत बंड पेटले. शेवटी १६०९ पासून या बाटवलेल्या माणसांना देशाबाहेर काढण्यात आले. धर्म बदलला तरी माणूस आपला होत नाही, असे सत्तेने ठरवले की त्याचा शेवट असा होतो.

ग्रानादा आणि कॅलिफोर्निया यांच्यात पावणेतीनशे वर्षांचे अंतर आहे. एकातून दुसरे जसेच्या तसे निघाले, असे म्हणता येणार नाही. मधल्या काळात मेक्सिको, पेरू आणि फिलिपिन्समध्ये मिशनांची पद्धत घडत गेली होती. फिलिपिन्समधल्या स्पॅनिश फ्रान्सिस्कनांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सियाही होते. १५९७ साली जपानमध्ये नागासाकी येथे त्यांना इतरांसह क्रुसावर ठार करण्यात आले आणि १८६२ साली संतपद मिळाले. या पंथात जीव ओवाळून टाकणारी माणसे होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कॅलिफोर्नियातल्या मिशनांचे प्रमुख हुनिपेरो सेरा हे मायोर्का बेटावरचे. विद्यापीठातले प्राध्यापकपद सोडून ते मेक्सिकोला आले होते. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही, त्यांनी चालवलेल्या व्यवस्थेचा आहे.

व्यवस्था उभी राहिली ती राजकारणातून. उत्तरेकडून रशियन व्यापारी पॅसिफिकच्या किनाऱ्याने खाली सरकतील, ही स्पेनला भीती होती. वसवायला माणसे नव्हती. तेव्हा तेथल्याच लोकांना ख्रिस्ती करून, शेती आणि कारागिरी शिकवून स्पॅनिश प्रजा बनवावे, अशी योजना निघाली. सोबतीला मूठभर शिपाई. साधारण दहा वर्षांत हे लोक तयार होतील, मग मिशनची जमीन त्यांच्याच नावे करून गाव वसवायचे, असे कागदावर ठरले होते. तोवर पाद्री हे जमिनीचे विश्वस्त राहणार होते. दहा वर्षांची मुदत साठ वर्षे उलटली तरी संपली नाही.

आधीचे रहिवासी

सान गाब्रिएलच्या परिसरात, आजच्या लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात आणि समोरच्या बेटांवर जे लोक राहत त्यांना आज तोंग्वा म्हणतात. त्यांच्या वंशजांतले काही जण 'किझ' हे नाव वापरतात, तर स्पॅनिशांनी मिशनवरून दिलेले 'गाब्रिएलिनो' हे नावही चालते. त्यांची शेकडो वर्षांची वस्ती होती. गवताने शाकारलेली घुमटाकार घरे, ओकच्या झाडांची फळे दळून, पाण्याने त्यांचा कडूपणा काढून केलेले अन्न, फळ्या शिवून डांबराने सांधे बुजवलेल्या समुद्रात जाणाऱ्या होड्या, शिंपल्यांच्या मण्यांचे चलन, बेटावरच्या मऊ दगडाची भांडी. नांगर नव्हता, पण गवताळ माळ ठरावीक काळाने जाळून बियांचे पीक वाढवण्याची रीत होती. स्पॅनिशांना हे रान मोकळे दिसले. प्रत्यक्षात ते राखलेले रान होते.

आजही लॉस एंजेलिसच्या नकाशावर काउएंगा, तुहुंगा, तोपांगा, कुकामोंगा अशी नावे भेटतात. त्यांच्या शेवटी येणारा 'ङा' हा तोंग्वा भाषेतला स्थळवाचक प्रत्यय आहे. आपल्याकडे गावाच्या नावात 'वाडी' किंवा 'पूर' यावे तसा. ज्या गावालगत लॉस एंजेलिस वसले त्याचे नाव याङा होते. लोक हटवले गेले, त्यांची भाषा बोलणारे संपत गेले, पण महामार्गावरच्या पाट्या नकळत तीच भाषा बोलत राहिल्या.

१७७१ चा शरद

८ सप्टेंबर १७७१ रोजी पाद्री पेद्रो कांबोन आणि आंखेल सोमेरा यांनी नदीकाठी मिशनची स्थापना केली. प्रचलित कथा अशी, की शस्त्रे घेऊन आलेल्या तोंग्वांसमोर पाद्र्यांनी मेरीमातेचे चित्र उलगडले आणि ते पाहून त्यांनी धनुष्ये खाली ठेवली. ही कथा मिशनच्या प्रत्येक माहितीपुस्तकात असे. त्यानंतर काही आठवड्यांतच जे घडले ते मात्र बहुधा नसे. मिशनच्या एका शिपायाने एका टोळीप्रमुखाच्या पत्नीवर बलात्कार केला. संतापलेला प्रमुख माणसे घेऊन चालून आला. शिपायांच्या गोळीने तो मेला. त्याचे शिर कापून खांबावर टांगण्यात आले. ही हकीकत शत्रूंनी रचलेली नाही. ती फ्रान्सिस्कनांच्याच लिखाणात आहे. मारल्या गेलेल्या प्रमुखाचा लहान मुलगा मिशनच्या सुरुवातीच्या बाप्तिस्म्यांत होता, असेही तेच लिखाण सांगते.

सेरा यांना शिपायांच्या या वर्तनाचा खरोखर राग होता. १७७३ साली ते मेक्सिको शहरापर्यंत गेले आणि गैरवर्तन करणाऱ्या शिपायाला मिशनवरून हलवण्याचा अधिकार पाद्र्यांसाठी मिळवून आले. पण त्याच सेरांनी १७८० साली गव्हर्नर फेलिपे दे नेवे यांना लिहिलेल्या पत्रात पाद्र्यांनी आपल्या 'लेकरांना' फटक्यांची शिक्षा देण्याचे समर्थन केले. ही रीत अमेरिकेच्या विजयाइतकीच जुनी असल्याचा त्यांचा मुद्दा होता. शिपायापासून वाचवणारा आणि स्वतः चाबकाची परवानगी मागणारा माणूस एकच होता. त्याला देव करणाऱ्यांना यातला दुसरा भाग अडचणीचा वाटतो आणि राक्षस करणाऱ्यांना पहिला.

घंटेवर चालणारे आयुष्य

पुराच्या त्रासामुळे १७७५ च्या सुमारास मिशन आजच्या जागी आले. तोंग्वा तेथे का आले, हा प्रश्न अभ्यासकांनी बराच चर्चिला आहे. काही जण नव्या लोकांच्या कुतूहलाने, काही जण नातलगांच्या मागे, काही जण भुकेमुळे. मिशनची गुरे-घोडी माळावरचे बियांचे गवत खाऊन टाकीत. नव्या रोगांनी गावे ओस पडत. जुने अन्न आणि जुनी माणसे एकाच वेळी नाहीशी होऊ लागली, तेव्हा मिशनच्या कढईतली लापशी हाच पर्याय उरला. दरवेळी साखळदंड लावून कोणाला आणावे लागले नाही. पण एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय परत जाता येत नसे. पळालेल्याला शिपाई धरून आणीत आणि फटके मारीत. येण्याची वाट होती, जाण्याची नव्हती.

दिवस घंटेवर चाले. प्रार्थना, काम, जेवण, पुन्हा काम, पुन्हा प्रार्थना. न लग्न झालेल्या मुलींना रात्री 'मोन्हेरियो' नावाच्या कोठडीवजा दालनात कुलूपबंद ठेवीत. मिशनच्या चाव्या सांभाळणाऱ्या एउलालिया पेरेस या बाईंनी १८७७ साली, अत्यंत वृद्धपणी, आपल्या आठवणी सांगितल्या. त्यांत सात-आठ-नऊ वर्षांच्या मुली या दालनात आणल्या जात आणि लग्नापर्यंत तेथे राहत, असा उल्लेख येतो. त्याच आठवणींत विणकाम, स्वयंपाकघर, साबण, तेल, दारू, कातडी यांच्या कामांचे तपशील आहेत. गवंडी, सुतार, लोहार, मेंढपाळ, गुराखी सगळे तोंग्वा आणि त्यांचे शेजारी. १८०६ नंतर दोन दशके कारभार पाहणाऱ्या पाद्री साल्विदेया यांच्या काळात सान गाब्रिएल हे सर्वांत समृद्ध मिशनांपैकी एक झाले. गव्हाची शेते, द्राक्षमळे, हजारोंनी गुरे. १८१६ च्या सुमारास बांधलेली पाणचक्की आजही उभी आहे.

येथल्या शब्दांकडेही पाहण्यासारखे आहे. मिशनच्या भिंती ज्या उन्हात वाळवलेल्या विटांच्या होत त्यांना 'आदोबे' म्हणत. तो अरबीतला 'तूब'. स्पॅनिशमध्ये पाण्याच्या पाटाला 'असेकिया' म्हणतात. तो 'साकिया', आपल्या गझलांतल्या साकीचा सख्खा भाऊ. गहू 'फानेगा'त मोजत आणि चरबी 'आरोबा'त. दोन्ही मापे अरबी, आणि आरोबाचे मूळ रुबाईप्रमाणे 'चार' या संख्येत. मिशनवासीयांतून निवडलेल्या मुकादमाला 'आल्काल्दे' म्हणत. तो तर सरळ 'अल-काझी'. हे शब्द ज्यांच्या मूळ भाषेतले, त्यांना स्पेनमधून हाकलून दीड शतक झाले होते. आता तेच शब्द दुसऱ्या एका समाजाला त्याची भाषा विसरायला लावण्याच्या कामी आले. शब्दांना धर्म नसतो, मालकही नसतो. म्हणून त्यांचा अभिमान बेताने बाळगावा.

आणि मृत्यू. गोवर, देवी, आमांश, शिपायांनी आणलेले गुप्तरोग. १८०६ च्या गोवराच्या साथीने मिशनांत कहर केला. दाटीच्या वस्तीत तान्ही मुले जगत नसत. सान गाब्रिएलमध्ये सात हजारांहून अधिक आदिवासींचे बाप्तिस्मे झाले, पण मिशनची लोकसंख्या सर्वाधिक झाली तेव्हाही, १८१७ साली, ती सुमारे सतराशेच होती. या दोन आकड्यांमधल्या माणसांचा शोध घ्यायचा तर कब्रस्तानात जावे लागते. चर्चलगतच्या जागेत सुमारे सहा हजार आदिवासी पुरलेले आहेत. १७९१ ते १८०५ या काळात कुर्तुब्याची आठवण देणारी ती भिंत उभी राहत होती, त्याच वर्षांत तिच्या शेजारची जमीन अशी भरत होती.

तोयपुरिना

२५ ऑक्टोबर १७८५ च्या रात्री आसपासच्या गावांतले तोंग्वा सशस्त्र होऊन मिशनमध्ये शिरले. शिपायांना आधीच सुगावा लागला होता. दबा धरून बसलेल्या शिपायांनी त्यांना पकडले. पकडलेल्यांत तोयपुरिना नावाची पंचविशीतली स्त्री होती. तिला दैवी सामर्थ्य आहे, असे लोक मानीत. बंडाची कल्पना मात्र मिशनच्या आतून आली होती. निकोलास होसे हा बाप्तिस्मा घेतलेला, आल्काल्दे म्हणून काम केलेला तोंग्वा. पाद्र्यांनी आणि गव्हर्नरने आपले जुने नाच बंद केले, ही त्याची तक्रार होती. हे नाच करमणुकीचे नव्हते. मेलेल्यांच्या आत्म्यांना पुढच्या प्रवासाला लावण्याचे विधी त्यांत होते. ज्या ठिकाणी दर महिन्याला माणसे मरत होती तेथे मृतांना निरोप देण्याचीच बंदी झाली होती. १५६७ च्या फर्मानातली नाचगाण्याची बंदी आणि त्यानंतरचे आल्पुहारास येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

जानेवारी १७८६ मध्ये चौकशी झाली. बहुतेकांना फटके मारून सोडले, सूत्रधारांना कैदेत ठेवले. निकोलास होसेला सान फ्रान्सिस्कोच्या ठाण्यावर सक्तमजुरीसाठी धाडले. तोयपुरिनाचा १७८७ साली बाप्तिस्मा झाला. तिला उत्तरेकडे हद्दपार केले, तेथे तिने एका स्पॅनिश शिपायाशी लग्न केले, मुले झाली आणि १७९९ साली ती सान हुआन बाउतिस्ता मिशनमध्ये वारली.

या चौकशीच्या कागदांची गोष्ट इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९५८ साली थॉमस वर्कमन टेंपल या संशोधकाने तोयपुरिनावर लेख लिहिला आणि तिच्या तोंडी एक तडफदार भाषण घातले. ते भाषण गाजले, पुस्तकांत गेले. २००३ साली स्टीव्हन हॅकल यांनी मूळ कागद तपासून प्रसिद्ध केले तेव्हा उघड झाले, की टेंपल यांनी त्यात बराच रंग भरला होता. मूळ जबाब त्रोटक आहे. पाद्री आणि मिशनचे लोक आपल्या भूमीत राहतात, याचा आपल्याला राग आहे, एवढेच ती सांगते. तेही दुभाष्यामार्फत आणि शिपायाच्या लेखणीतून. तिच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही ती तिच्या मूळ शब्दांत पुरेशी वाटली नाही. वास्तविक त्या एका वाक्यात काय कमी आहे?

भोवतीचे गाव

मिशन एकटे नव्हते. ४ सप्टेंबर १७८१ रोजी अकरा कुटुंबांतल्या ४४ माणसांनी लॉस एंजेलिसची वस्ती सुरू केली. ही माणसे मेक्सिकोच्या सिनालोआ-सोनोरा भागातली, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांत आफ्रिकी रक्त होते. 'स्पॅनिश' म्हणून मिरवलेले हे शहर मिश्र वंशाच्या गरीब कुटुंबांनी वसवले. मेक्सिकोच्या ताब्यातील कॅलिफोर्नियाचा शेवटचा गव्हर्नर पिओ पिको १८०१ साली सान गाब्रिएल मिशनमध्येच जन्मला. त्याचे पूर्वजही मिश्र होते.

१८२१ साली मेक्सिको स्वतंत्र झाला. १८३३ च्या कायद्याने मिशने पाद्र्यांच्या हातून काढून घेतली आणि पुढच्या वर्षी सान गाब्रिएलची पाळी आली. जमिनीचा वाटा आदिवासींना मिळायचा होता. तो बहुतेकांना मिळाला नाही. अधिकारी आणि त्यांचे सोयरे मोठमोठ्या 'रांचों'चे धनी झाले आणि मिशनवासी त्यांच्याकडे पोटावर राबू लागले.

अपवाद म्हणून विक्टोरिया बार्तोलोमेया हे नाव घ्यावे लागते. लहानपणीच मिशनमध्ये आणलेली, तेराव्या वर्षी लग्न झालेली ही तोंग्वा मुलगी एउलालिया पेरेसच्या हाताखाली वाढली. १८३८ साली तिच्या नावे १२८ एकरांची जमीन झाली. विधवा झाल्यावर १८३७ साली तिने ह्यूगो रीड या स्कॉटिश माणसाशी लग्न केले होते. रीडने १८५२ साली लॉस एंजेलिसच्या 'स्टार' या वृत्तपत्रात तोंग्वांच्या भाषेवर, श्रद्धांवर, खाण्यापिण्यावर आणि मिशनमधल्या फटक्यांवर पत्रे लिहिली. तोंग्वांविषयीची ती आजही महत्त्वाची साधने आहेत. त्यातली माहिती त्याला घरातून मिळाली, हे उघड आहे. सही मात्र त्याची आहे. त्याच वर्षी तो वारला. विक्टोरियाच्या हातून जमीन गेली. १८६८ साली ती देवीच्या साथीत मेली आणि मिशनच्या कब्रस्तानात तिला पुरले. तिच्या कबरीवर नाव नव्हते.

नवे राज्य, जुने हाल

१८४८ साली कॅलिफोर्निया अमेरिकेकडे गेला. चाबूक उचलणारे पाद्री गेले, पण हाल वाढले. १८५० च्या कायद्याला नाव होते आदिवासींच्या 'संरक्षणा'चे. त्या आधारे 'भटक्या' ठरवलेल्या आदिवासीची मजुरी लिलावात विकता येई. लॉस एंजेलिसमध्ये रविवारी दारूपायी पकडलेले आदिवासी सोमवारी लिलावात उभे राहत. आठवड्याच्या मजुरीत पुन्हा दारू मिळे आणि पुढच्या रविवारी पुन्हा अटक. १८५१-५२ मध्ये केंद्र सरकारच्या प्रतिनिधींनी राज्यातल्या टोळ्यांशी अठरा करार केले. सिनेटने ते फेटाळले आणि १९०५ पर्यंत गुप्त ठेवले. १८४६ ते १८७० या पंचवीस वर्षांत कॅलिफोर्नियातली आदिवासी लोकसंख्या सुमारे दीड लाखावरून तीस हजारांवर आली. मिशनांच्या अत्याचारांवर बोट ठेवणाऱ्या अमेरिकी लेखकांनी हा हिशेब बराच काळ मिटून ठेवला. दुसऱ्याच्या साम्राज्याचे पाप लवकर दिसते.

माणसे नाहीशी झाल्यावर मिशने रम्य वाटू लागली. १८८४ साली हेलन हंट जॅक्सन यांची 'रामोना' ही कादंबरी आली. आदिवासींवरील अन्यायाने वाचक पेटून उठावेत, ही लेखिकेची इच्छा होती. वाचकांनी त्यातून उचलली ती कमानी, घंटा आणि फुलबागांची स्वप्ने. १९१२ साली सान गाब्रिएलमध्येच 'मिशन प्ले' हे भव्य नाटक सुरू झाले. प्रेमळ पाद्री आणि कृतज्ञ आदिवासी यांची ही कथा वीस वर्षांत तीन हजारांहून अधिक वेळा रंगमंचावर आली.

नोंदवही

या साऱ्यात एक गोष्ट टिकली. पाद्र्यांनी ठेवलेल्या नोंदवह्या. प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न, दफन क्रमांकाने लिहिलेले. माणसाचे नवे स्पॅनिश नाव, पुष्कळदा जुने गाव, आईबाप, वयाचा अंदाज. किती आत्मे देवाच्या पदरी घातले, याचा तो हिशेब होता. हेतू माणसांवर ताबा ठेवण्याचा होता. सान गाब्रिएल मिशनच्या एकेकाळच्या जमिनीवरच आता हंटिंग्टन ग्रंथालय आहे. त्या ग्रंथालयाने २००६ साली कॅलिफोर्नियातल्या सर्व मिशनांच्या नोंदी एकत्र करून अभ्यासकांना खुल्या केल्या. एक लाखाहून अधिक बाप्तिस्मे आणि सुमारे ७१ हजार दफने.

तोंग्वा 'नामशेष' झाले, असे पाठ्यपुस्तके सांगत होती. त्यांच्या वंशजांनी या नोंदी उलगडून आपली आजी, पणजी, तिचे गाव शोधून दाखवले. १९९४ साली कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने त्यांचे अस्तित्व मान्य करणारा ठराव केला. केंद्र सरकारची मान्यता त्यांना मिळालेली नाही, आणि तिच्यासाठी वंशावळीचा कागदोपत्री पुरावा लागतो. म्हणजे ज्या वहीने त्यांची नावे बदलली, तिच्याकडेच त्यांना आपण आहोत हे सिद्ध करण्यासाठी जावे लागते. २०२२ साली अल्टाडेना येथे एका मालकाने एक एकर जमीन तोंग्वांच्या संस्थेला परत दिली. जवळपास दोनशे वर्षांनी त्यांच्या हाती आलेली ही सामायिक जमीन.

२३ सप्टेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी सेरा यांना संत घोषित केले. त्याच वर्षी जुलैत बोलिव्हियात त्यांनी अमेरिकेच्या विजयकाळात मूळ रहिवाशांवर झालेल्या गुन्ह्यांबद्दल क्षमा मागितली होती. जून २०२० मध्ये सान फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस येथे सेरांचे पुतळे पाडले गेले. ११ जुलै २०२० च्या पहाटे सान गाब्रिएलच्या चर्चला आग लागली आणि लाकडी छत जळून गेले. भिंती वाचल्या. पुढे एका इसमावर आग लावल्याचा आरोप ठेवण्यात आला. या आगीचे तोंग्वांतल्या अनेकांना दुःख झाले. त्यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबे आजही कॅथलिक आहेत, याच चर्चमध्ये त्यांची लग्ने आणि बारशी होतात. त्यांच्या दृष्टीने ती भिंत पाद्र्यांची नाही, ती त्यांच्या पूर्वजांनी रचलेली आहे. काही तोंग्वांना मात्र त्या दारातून आत पाऊल टाकवत नाही. दोघेही एकाच कब्रस्तानाचे वारस आहेत, आणि त्यांच्यातला एक खरा व दुसरा खोटा, असे ठरवण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही.

आपल्यासारख्या वाचकांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. कोणाच्या पूर्वजांनी कधी, का आणि कसा धर्म बदलला, हे प्रश्न आपल्याला नेहमीच विचारले जातात आणि विचारणाऱ्याकडे उत्तर बहुधा तयार असते. सान गाब्रिएलच्या नोंदी पाहिल्या तर कळते, की एकाच वहीत भूक, भीती, श्रद्धा, नातेसंबंध आणि सक्ती शेजारी शेजारी नोंदलेली असतात. अडीचशे वर्षांनंतरच्या नातवंडाची श्रद्धा त्यामुळे उसनी ठरत नाही. आणि त्याची श्रद्धा खरी आहे, म्हणून पणजोबांच्या पाठीवरचे वळ खोटे ठरत नाहीत.

डागडुजीनंतर २०२३ साली मिशनचे संग्रहालय नव्या मांडणीसह खुले झाले. तेथे आता पाद्र्यांच्या वस्तूंबरोबर येथे बाप्तिस्मा झालेल्या सात हजारांहून अधिक आदिवासींची नावे मांडलेली आहेत. सारी नावे त्याच वह्यांतून घेतलेली. वंशज तेथे येतात, बोटाने ओळी चाचपत आपल्या माणसाचे नाव शोधतात. शेजारी ती भिंत उभी आहे. तिच्यावर बांधणाऱ्या कोणाचेही नाव कधी कोरलेले नव्हते.